ओंजळ हे भांडे आहे काय?

ज्या गावात माणसाला जगणं परवडतं, ते गाव मागासलेलं समजावं. हा माझा शोध नाही, सगळी मोठी शहरं हेच सांगतात. जिथे खोली मिळत नाही, भाजी घेताना छातीत धस्स होतं आणि दूधवाला आपल्याकडे दयेने बघतो, तिथे प्रगती झाली असं खुशाल म्हणावं. या कसोटीवर बोरटेक हे बेट अवघ्या तीन वर्षांत कुठून कुठे पोचलं, याची हकिगत पालकवर्गाच्या माहितीसाठी देत आहे. मी नांदेडला एका ऑफिसात कारकून आहे, बोरटेकच्या पालक समितीचा चिटणीस आहे (बिनपगारी), आणि माझा मुलगा यज्ञेश तिथे बारावीला आहे (दुसऱ्यांदा. गुण सुधारण्यासाठी, नापास म्हणून नव्हे). तेव्हा बोलण्याचा अधिकार मला आहे.

बेट म्हटल्यावर कुणी नारळाची झाडं डोळ्यांपुढे आणू नयेत. मराठवाड्यात बेट असणं हीच मुळात चैन आहे, कारण बेटाला आधी पाणी लागतं. बोरटेक हे लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं एका टेकावरचं तीसेक घरांचं गाव. खाली धरण झालं तेव्हा पाणी तीन बाजूंनी येईल असं गावाला सांगितलं होतं, ते चारी बाजूंनी आलं. तेव्हापासून ये-जा व्यंकटच्या होडीतून. मे महिन्यात पाणी इतकं उतरतं की बेट तात्पुरतं रद्द होतं आणि माणसं गाळातून चालत काठावर येतात. एरवी सगळं सुरळीत असतं.

१९९३च्या भूकंपात आमच्या भागातली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. त्याची थट्टा करायची माझी छाती नाही. बोरटेकवर माणूस दगावला नाही, पण दगडमातीच्या भिंती बसल्या. सरजाबाईच्या घराची मागची अख्खी भिंत खाली आली. पाहणीसाठी एक साहेब काठापर्यंत आले, तेव्हा होडी नेमकी पलीकडे होती. साहेबांनी कपाळावर हात आडवा धरून बेटाकडे नीट पाहिलं आणि नोंद केली, ‘नुकसान : निरंक’. ते खोटं म्हणता येणार नाही. काठावरून पुढची भिंत दिसते, आणि पडली होती मागची.

ही सरजाबाई टेकाच्या माथ्यावर एकटी राहायची. पन्नाशी ओलांडलेली, नवरा गेलेला, लेक उदगीरकडे दिलेली. शेत नाही, जनावर नाही. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि जिभेला हाड नसल्यासारखी बोलायची. मदत ‘निरंक’ आल्यामुळे तिने मागच्या बाजूला तुराट्या आणि पत्रे लावले आणि त्याला भिंत म्हणायला लागली.

प्रगतीपूर्वीच्या काळात बोरटेकची अर्थव्यवस्था कशी होती हे सांगायला लाज वाटते. म्हशीचं दूध सकाळी होडीने काठावरच्या डेअरीला जायचं, त्याचे पैसे यायचे. इथवर ठीक. पण ताक मात्र कुणी विकायचं नाही! दूध विकावं, ताक विकू नये, विकलं तर म्हैस आटते, असा तिथला नियम. त्यात आणखी एक पोटनियम, दारात आलेल्याला ताकाला नाही म्हणू नये. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण कौतुकाने म्हणत नसावेत. रोज सकाळी सरजाबाई तांब्या घेऊन धोंडप्पाच्या अंगणात जायची. धोंडप्पा गावातला वडीलधारा, पाच म्हशींचा धनी. त्याची कारभारीण तांब्या भरून द्यायची, सरजाबाई तिथेच एक घोट घेऊन “पानी लई घातलंस गं” म्हणायची आणि घरी जाऊन ज्वारीची भाकर त्यात कुस्करायची. दोन्ही वेळचं तेच. म्हणजे या बाईच्या कालवणाचा वर्षाचा खर्च शून्य होता. अशी माणसं देशाला वर कशी आणणार?

सुदैवाने शिवमूर्ती सर तिथे आले.

सरांचा लातुरात क्लास होता, पण चालत नव्हता. शहरात पोरांचं लक्ष उडवायला थिएटर आहे, रसवंती आहे, शिवाय समोरच्या क्लासला मुली आहेत. सर एकदा कुणाच्या तरी तेरवीच्या जेवणाला बोरटेकला गेले आणि परतीची होडी चुकली. दिवसभर करण्यासारखं काही सापडेना. शेवटी खिशातल्या खोकल्याच्या औषधाबरोबरचा कागद त्यांनी दोनदा पाठोपाठ वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं की तो त्यांना पाठ झाला आहे. निवासी क्लासची कल्पना त्याच क्षणी सुचली, असं ते पालकसभेत सांगतात. जाहिरात मी जपून ठेवली आहे :

१. चारी बाजूंनी पाणी, मध्ये फक्त अभ्यास.
२. थिएटर नाही, हॉटेल नाही, टेलिफोन नाही.
३. पळून जाण्याची सोय नाही (होडीवाल्यास सूचना दिलेली आहे).
४. १९९३च्या भूकंपातही नुकसान निरंक. सरकारी नोंद पाहावयास मिळेल.

पहिल्या वर्षी फी माफक होती, त्यामुळे कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या वर्षी सरांनी ती तिप्पट केली, तशी काठावर पालकांची रांग लागली. स्वस्तात शिकून मोठा झालेला एकही माणूस आमच्या ऑफिसात नाही (आम्ही सगळेच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, म्हणून तर ऑफिसात राहिलो). यज्ञेशला दहावीला चौऱ्याऐंशी टक्के होते. सर म्हणाले, “एवढ्यावर घेत नाही, पण तुमच्याकडे बघून घेतो.” माझ्याकडे बघून म्हणजे काय ते मी विचारलं नाही, चेक लिहिला.

आता आमच्याकडे मुलगा शिकायला ठेवायचा म्हणजे त्याच्यामागे आईलाही ठेवायची पद्धत आहे. बाप गावी खानावळीत जेवतो, आई परगावी खोली घेऊन वरणभात रांधते, आणि मुलगा दोघांवरही रागावलेला असतो. यालाच त्याग म्हणतात. त्याप्रमाणे माझी पत्नी प्रेमला पातेली, कुकर आणि कुलदेवतेचा फोटो घेऊन बोरटेकला गेली. तशा आणखी चाळीसेक आया गेल्या, आणि बेटाचं भाग्य उजळलं.

ते कसं उजळलं हे समजून घेण्यासारखं आहे. आयांना खोल्या हव्या होत्या, म्हणून गावकऱ्यांनी खोल्या दिल्या आणि स्वतः गोठ्यात राहायला गेले. मग क्लासची मुलं वाढली, म्हणून गोठेही दिले आणि म्हशी विकल्या. एका म्हशीच्या जागेत चार विद्यार्थी मावतात, ते चारा खात नाहीत आणि आगाऊ पैसे देतात. हा हिशेब धोंडप्पाला कुणी शिकवावा लागला नाही. त्याने तीन म्हशी काढल्या, बाकीच्यांनी होत्या तेवढ्या सगळ्या. म्हशी गेल्या म्हणून दूध काठावरून पिशवीत येऊ लागलं. आया होडीचं भाडं न कुरकुरता दुप्पट देतात हे पाहून व्यंकटने ते सगळ्यांनाच दुप्पट केलं (गावाला एक आणि पाहुण्याला एक, असा दुजाभाव त्याला पटेना). भाडं वाढलं म्हणून मीठ, काडेपेटी, बटाटे वाढले. खोल्यांचं भाडं येतंय म्हणून गावकऱ्यांनी रानात जायचं सोडलं, आणि त्यामुळे खुरपणीचं काम तेवढं कमी झालं. बाकी सगळं वाढलंच. ज्याच्याकडे द्यायला खोली होती, त्याला ही महागाई जाणवली नाही. सरजाबाईकडे एकच खोली होती आणि तीत ती स्वतः राहत होती. ही तिची मूलभूत चूक.

तरीही ताक फुकटच होतं. “अहो, इथे ताक फुकट देतात!” हे प्रेमलाने मला पहिल्याच रविवारी इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला वाटलं चोरीचं आहे. त्यातच शिवमूर्ती सर सभेत म्हणाले की ताकाने मेंदू थंड राहतो आणि थंड मेंदूत सूत्रं टिकतात. दुसऱ्या दिवशी धोंडप्पाच्या अंगणात चाळीस आया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात स्टीलचा कॅन. रांगेच्या शेवटी तांब्या घेऊन सरजाबाई. तिचा नंबर येईपर्यंत रवी धुऊन खुंटीला लागलेली असायची.

आठवडाभर असं झाल्यावर ती मारुतीच्या पारावर, भरल्या बैठकीत येऊन उभी राहिली.

“धोंडप्पा, तुझ्या रानात आजवर खुरपलं कुनी? मीच ना? आन् मला घोटभर न्हाई, ह्या बायांला डब्ब्याडब्ब्यानं?”

“सरजे, मी काय करू गं?” धोंडप्पा म्हणाला. “दारात आल्याल्या मानसाला ताकाला न्हाई म्हनावं का? बापजाद्यात झालं न्हाई ते.”

“मग इक की त्यांला!”

“इकलं तर म्हस आटतीय.”

म्हणजे ताक नाकारता येत नाही आणि विकताही येत नाही, असा पेच पडला. गाव हवालदिल झालं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण बैठकीत पेन असलेला मीच होतो. मी तिथल्या तिथे ठराव लिहून दिला :

‘ताक विकण्यात येणार नाही. ताक पूर्ववत विनामूल्य राहील. तथापि, अंगणात भांडे टेकवल्याने अंगणाची जी झीज होते, तिच्या भरपाईपोटी प्रत्येक भांड्यामागे रुपये दोन इतकी टेकवणावळ आकारण्यात येईल. भांड्याचा आकार विचारात घेतला जाणार नाही, कारण माप धरल्यास ती विक्री ठरेल.’

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. धर्म शाबूत राहिला, म्हशी आटल्या नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक आजवर पुष्कळ झाले, पण भांडं पुढे करून ताक लपवणारं बोरटेक हे पहिलंच गाव असावं.

ठरावाचे परिणाम आठच दिवसांत दिसले. भांड्याला दोन रुपये म्हटल्यावर आयांनी भांडी बदलली. कुणी बादली आणली, कुणी दुधाची किटली. प्रेमलाने मला नांदेडहून आमच्या लग्नातली घागर आणायला लावली आणि मी ती बसमधून मांडीवर घेऊन आलो. घागरीला दोन रुपये आणि तांब्यालाही दोन. घोटाचा हिशेब काढला तर सरजाबाईचं ताक लातूरच्या हॉटेलातल्या लस्सीपेक्षा महाग पडत होतं. तरीही ते फुकट होतं, हे विसरून चालणार नाही.

तिला मदत करावी म्हणून प्रेमलाने भांडी घासायला ठेवायची तयारी दाखवली. चांगले महिन्याला साठ रुपये देणार होती. सरजाबाई म्हणाली, “ताक तुमी प्या आन् भांडं मी घासू व्हय?” स्वभावच तसा. अशा स्वभावाने माणूस मागे पडतो आणि दोष व्यवस्थेला जातो.

चार दिवसांनी ती तांब्या न घेताच आली. रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

“भांडं कुठाय?” धोंडप्पाने विचारलं.

“हे काय. देवानं दिल्यालं.”

धोंडप्पाच्या कारभारणीने ओंजळीत ताक ओतलं. सरजाबाईने ते प्यायलं, पुन्हा हात पुढे केले, पुन्हा प्यायलं. पोटभर झाल्यावर लुगड्याला हात पुसले आणि दोन रुपये न देता टेक चढून गेली.  आयांची माझ्याकडे त्याच रविवारी लेखी तक्रार आली, आणि ‘ओंजळ हे भांडे आहे काय?’ हा विषय बैठकीपुढे ठेवण्यात आला.

चर्चा अत्यंत उच्च दर्जाची झाली. शिवमूर्ती सर पदार्थविज्ञानाचे असल्यामुळे त्यांनी ज्यात द्रव साठतो ते भांडे, अशी व्याख्या मांडली. त्यावर व्यंकट म्हणाला, “मग तोंडबी भांडंच की, सर.” पुढे तो पोट म्हणणार होता, पण त्याला खाली बसवलं. अखेर मूळ ठरावाचा आधार घ्यावा लागला. टेकवणावळ अंगणाच्या झिजेपोटी आहे, ओंजळ अंगणाला टेकत नाही, सबब माफ. सरजाबाई पारावरून उठताना एकदाच हसली. तिचा पुढचा दात पडलेला आहे, हे मला तेव्हा दिसलं.

ही सवलत चार दिवस टिकली. ओंजळ माफ आहे हे कळल्यावर आयांनी मुलांना पाठवायला सुरुवात केली. भल्या पहाटे शंभरावर मुलं ओंजळी धरून अंगणात, आया मागे उभ्या राहून “अजून एक पी, मेंदूला चांगलं असतं” म्हणताहेत. यज्ञेशने एका दिवशी चौदा ओंजळी प्यायल्या आणि रसायनशास्त्राच्या तासाला घोरत पडला. तास बुडाले, चाचणीचे गुण घसरले. सरांनी हा प्रकार असाच चालला तर क्लास दुसऱ्या बेटावर नेतो, असं सांगितलं. दुसरं बेट जिल्ह्यात नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी गावाने रविवारी बैठक बोलावली. कारण एव्हाना गावात धोंडप्पाच्या दोन सोडून म्हशी नव्हत्या, रान पडीक होतं आणि पोट खोल्यांच्या भाड्यावर होतं.

तेव्हा शेवटचा ठराव लिहावा लागला, तोही मीच लिहिला : ‘ओंजळ हे भांडे आहे. ओंजळीस दोन हात लागत असल्याने ती दोन भांडी धरण्यात यावीत.’

म्हणजे चार रुपये. सरजाबाईच्या हातात तेव्हा आठवड्यातून दोन दिवसांची खुरपणी उरली होती.

हात वर करून मतदान झालं. आयांनी केले, सरांनी केला, व्यंकटने केला. धोंडप्पाने मान खाली घातली आणि मग हात वर केला. सरजाबाई सगळ्यांच्या हातांकडे बघत होती.

“धोंडप्पा,” ती म्हणाली, “भूकंपात तुझी लेक भिताडाखाली सापडली हुती. ह्याच दोन हातांनी दगडं उपसली म्या. तवा न्हाई म्हनलास, दोन भांडी हाईत म्हनून.”

 धोंडप्पाची कारभारीण पदराने तोंड झाकून उठून गेली. इतिवृत्तात मी ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहिलं. मला फार वाईट वाटलं, रात्री जेवणही गेलं नाही. पण सोमवारी ऑफिस होतं.

पुढे दोनेक महिने ती पाण्यात भाकर कुस्करून खात होती म्हणे. हे प्रेमलाने सांगितलं, आणि सांगताना यज्ञेशच्या पेल्यात ताक ओतलं. शेवटी शिवमूर्ती सर स्वतः टेक चढून तिच्याकडे गेले. तिने खोली क्लासला द्यावी, भाडं घ्यावं आणि काठावर जाऊन राहावं, तिकडे जगणं स्वस्त आहे, असं त्यांनी समजावलं. आधी तिने सरांना ऐकवायचं ते ऐकवलं. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी कागदावर अंगठा दिला.

ती गेली त्या सकाळी मी तिथेच होतो. एक पेटी, एक तवा आणि एक गाठोडं. गावातली आठ-दहा माणसं धक्क्यावर आली होती. मूळ गावकरी आता तेवढेच उरले आहेत, बाकीचे आपापल्या खोल्या भाड्याने देऊन तिच्या आधीच काठावर पोचले.

“सरजे, सनावाराला येत जा,” धोंडप्पा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

“कशानं येऊ? व्यंकटचं भाडं तू देनार हायस का?”

धोंडप्पाने खिशाकडे हात नेला. तोवर होडी सुटली होती. व्यंकटने तिच्याकडून भाडं घेतलं का, हे मी विचारलं नाही. आता ती काठावरच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये असते. बोरटेकच्या खोलीचं भाडं मिळतं, त्यातलं निम्मं शेडच्या भाड्याला जातं. उरलेल्यात काठावर ताक मिळतं, प्लास्टिकच्या पिशवीत, डेअरीचं. ते ती घेत नाही.

हे वाचून तुम्हाला हळहळ वाटली असणार. आम्हालाही वाटली. त्यात कमीपणा मानू नये, हळहळणारे पालकच मुलांच्या भवितव्याबाबत गंभीर असतात, असा समितीचा अनुभव आहे. सरजाबाईची खोली बघायला आजवर एकोणीस पालक येऊन गेले. एकूण एक जणाने आधी तिची चौकशी केली, दोघींनी डोळे पुसले, आणि मग सगळ्यांनी विचारलं की पाणी चोवीस तास असतं का.

असतं. खोली माथ्यावर आहे, वारा भरपूर आहे, शेजार शांत आहे, आणि पुढच्या जूनपासून रिकामी आहे. तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे मनातल्या मनात भाड्याचा अंदाज बांधून झाला असेल. तो थोडा वाढवून धरा. आणि यायच्या आधी मुलाचे दहावीचे टक्के तेवढे कळवा, सरजाबाईचं आपण खोली बघता बघता बोलू.